कोंबडीच्या पाण्याला मीटर कुठाय?

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. कोणाशी ते पुढे कळेलच. आधीच सांगून ठेवतो, विषय कोंबड्यांचा आहे, त्यातही ब्रॉयलरच्या. शेडच्या नुसत्या उल्लेखाने ज्यांना वास यायला लागतो त्यांनी इथूनच परत फिरायला हरकत नाही. नातेवाइकांपैकी जे "आता हा कोंबड्यांवर पण लिहायला लागला का?" म्हणणार आहेत, त्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचावं. रविवारी ताटात येणाऱ्या रश्श्याशी याचा थेट संबंध आहे. :)

तर मुद्दा असा. दर उन्हाळ्यात आमच्याकडे करारावर कोंबड्या सांभाळणाऱ्या पोरांना एक वाक्य ऐकवलं जातं: "तुमचं मॅनेजमेंट कमी पडलं." एप्रिल-मेची बॅच निघते, पक्षी कमी भरतात, मरतूक जास्त होते, हिशोबाचा कागद हातात पडतो आणि त्यावर हे वाक्य. माझं म्हणणं असं आहे की हे वाक्य कित्येकदा चुकीचं असतं, आणि ते चुकीचं आहे हे दाखवायला जी गोष्ट मोजलेली असावी लागते ती कोणी मोजतच नाही. ती गोष्ट म्हणजे पाणी.

आणि हे सगळं कुठे? तर मलकापुरात! (बुलढाण्याचं नव्हे, शाहूवाडीचंही नव्हे. कराडला चिकटलेलं, पुणे-बंगळूर हायवेवरचं आमचं मलकापूर.) ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, हे गाव पाणी मोजण्यासाठी प्रसिद्ध आहे. कोयनेचं पाणी शुद्ध करून चोवीस तास नळाला द्यायची योजना इथे २००९ च्या सुमारास सुरू झाली. भल्याभल्या महानगरपालिकांना जे जमलं नाही ते तेव्हाच्या आमच्या एवढ्याशा नगरपंचायतीने करून दाखवलं. बाहेरून लोक बघायला यायचे. त्या योजनेचं गुपित काही फार मोठं नव्हतं: प्रत्येक नळाला मीटर, आणि वापर वाढला की दरही चढत जाणार. पाणी मोजलं जायला लागलं की माणूस आपोआप विचार करायला लागतो, एवढंच.

आता याच गावाच्या शिवारात, आणि पुढे वाळव्यापासून खटाव-माणपर्यंत, हजारो पक्ष्यांची शेडं आहेत. ती नळावर चालत नाहीत, विहिरीवर किंवा बोअरवर चालतात. तिथे पाण्याला मीटर नाही. माणसाचं पाणी लिटरवर मोजणाऱ्या भागात कोंबडीचं पाणी अजून "दोन टाक्या लागतात बगा" या मापात चाललंय.

करार कसा असतो ते थोडक्यात सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की शेतकरी कोंबडी विकत घेतो आणि मोठी करून विकतो. तसं नाही. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, लस-औषध कंपनीचं, शेवटी पक्षी उचलून नेणारही कंपनीच. शेतकऱ्याचं काय? शेड त्याचं, तूस त्याचं, लाईट बिल त्याचं, रात्री उठून बघणं त्याचं आणि पाणी त्याचं. बॅच निघाली की त्याला किलोमागे काही रुपये सांभाळणावळ मिळते. ती किती, हे मुख्यतः एफसीआरवर ठरतं. म्हणजे एक किलो वजन चढायला किती किलो खाद्य लागलं. खाद्य कमी लागलं तर शाबासकी, जास्त लागलं तर कपात.

या मांडणीत एक गंमत आहे. कंपनीचं जे जे आहे ते सगळं मोजलेलं असतं. पिल्लं मोजून येतात, खाद्याची पोती मोजून येतात, औषधाच्या बाटल्या लिहिल्या जातात, पक्षी काट्यावर चढतो. शेतकऱ्याचं जे आहे त्यातलं काहीच मोजलं जात नाही. शेडमध्ये लटकवलेला तक्ता पाहा: वय, मरतूक, पोती, सरासरी वजन. पाण्याचा रकाना एक तर नसतो, किंवा असला तरी कोरा असतो. जे मोजलं जात नाही ते हिशोबात धरलं जात नाही. आणि जे हिशोबात नाही, त्याचं ओझं ज्याच्या डोक्यावर आहे तो गुपचूप वाहत राहतो.

आता कोंबडीकडे वळू. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगात घामाच्या ग्रंथीच नाहीत. शरीराचं तापमान ४१ अंशांच्या आसपास, अंगावर पिसांची गोधडी, आणि पोटात सतत खाद्य पचत असल्यामुळे आतून भट्टी चालूच. बाहेर ऊन वाढलं की तिच्या हातात (चोचीत म्हणा) मुख्य उपाय एकच उरतो: चोच उघडून धापा टाकणं. एरवी मिनिटाला पंचवीस-तीस श्वास घेणारा पक्षी दीडशेच्या पुढे जातो. श्वासातून पाण्याची वाफ बाहेर पडते आणि ती वाफ अंगातली उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणजे उन्हाळ्यात कोंबडी पाणी पिते ती नुसती तहान भागवायला नाही, तो तिचा कूलर आहे. आणि कूलरला पाणी ओतावंच लागतं.

धापा टाकण्याची किंमतही असते. श्वासातून कार्बन डायऑक्साइड जास्त निघून जातो, रक्ताचा तोल बिघडतो. म्हणूनच उन्हाळ्यात पाण्यातून इलेक्ट्रोलाइट, खायचा सोडा वगैरे देतात. शिवाय धापा टाकायलाही शक्ती लागते. आणि पचनाची उष्णता टाळायला पक्षी खाणंच कमी करतो. खाणं कमी, शक्ती धापांत खर्च, मग वजन कुठून चढणार? यात कोणाचं मॅनेजमेंट कमी पडलं? चैत्र-वैशाखाचं?

थोडे आकडे बघू. साधारण २१ अंश तापमानाला ब्रॉयलर खाद्याच्या पावणेदोन ते दोन पट पाणी पितो. दोन किलोचा पक्षी तयार व्हायला ३.२ किलो खाद्य धरलं (एफसीआर १.६), तर जन्मभरात पावणेसहा लिटरच्या आसपास पाणी झालं. आता २१ च्या वर प्रत्येक अंशाला पाणी सुमारे ७ टक्क्यांनी वाढतं, हा कुक्कुटपालनाच्या पुस्तकांत सर्रास दिलेला ठोकताळा आहे. पस्तिसाव्या दिवशी पक्षी ३०० मिलिलिटर पीत असेल तर ५,००० पक्ष्यांना दिवसाला १,५०० लिटर. मे महिन्यात शेडमधली दिवस-रात्रीची सरासरी ३१ अंश धरली, तर तेच ५,००० पक्षी २,५५० लिटर मागतात. रोज हजार लिटर जादा! हे फक्त पिण्याचं. फॉगर, छतावरचा स्प्रिंकलर, बाजूला लावलेली ओली बारदानं, पाइप धुऊन काढणं, यांचं वेगळं.

आणि हे जादा हजार लिटर नेमके कधी लागतात? विहिरीने तळ गाठलेला असतो तेव्हा. बोअर तासभर चालून धापा टाकायला लागतो तेव्हा. दुपारी दोनला लाईट जाते तेव्हा. ज्या महिन्यात पाणी सगळ्यात महाग, त्याच महिन्यात कोंबडीला ते सगळ्यात जास्त लागतं. टँकर आणला तर पैसे शेतकऱ्याचे. हिशोबाच्या कागदावर त्या टँकरला जागा नाही.

एफसीआरची आणखी एक खोड सांगतो. समजा मेच्या एका दुपारी, विक्रीला आलेले १०० पक्षी उष्माघाताने गेले. प्रत्येकाने तोवर तीन किलो खाद्य खाल्लेलं. म्हणजे ३०० किलो खाद्य हिशोबात राहिलं आणि त्याचं मांस काट्यावर आलंच नाही. बाकीचे ४,८०० पक्षी दोन किलोने भरले तर ९,६०० किलो. ३०० भागिले ९,६००, म्हणजे एफसीआर ०.०३ ने चढला, एका दुपारीत. ऐकायला आकडा किरकोळ वाटतो, पण ही कपात उरलेल्या प्रत्येक किलोवर लागते. ज्याने बादल्या घेऊन धावाधाव केली त्याचीच सांभाळणावळ कापली जाते.

माझा मावसभाऊ हा धंदा करतो (घरच्यांना कोण ते कळलं असेलच). छतावर उसाचं पाचट घालतो, पत्र्याला चुना मारतो, टाकीला सावली करतो, सकाळी अकरापासून चार-पाचपर्यंत खाद्याची भांडी वर उचलतो आणि रात्री गारव्याला खायला घालतो. तो म्हणतो, "दादा, उन्हाळ्यात मी कोंबड्या सांभाळत न्हाय, पाणी सांभाळतो." निपलला हात लावून बघायचा, पाणी कोमट लागलं की पाइपलाइन रिकामी करायची, कारण गरम पाणी पक्षी पीत नाही. दिवसात हे चार-पाच वेळा. याला मॅनेजमेंट म्हणत नसतील तर कशाला म्हणतात?

आता समोरच्या बाजूचं ऐकून घेऊ. भांडण एकतर्फी नको.

पहिलं म्हणणं: "उन्हाळा सगळ्यांनाच असतो." बरोबर! म्हणूनच तर मेच्या बॅचची तुलना मेच्याच बॅचशी व्हायला हवी. डिसेंबरच्या थंडीत निघालेल्या एफसीआरची पट्टी मेला लावायची आणि वर उन्हाळा सगळ्यांना असतो म्हणायचं, हे जमायचं नाही. सगळ्याच कंपन्या असं करतात असं मी म्हणत नाही. काही जण उन्हाळ्यात थोडी सूट किंवा वरचे पैसे देतात. पण ती सूट मेहेरबानी म्हणून येते, हक्क म्हणून नाही. किती द्यायची ते देणाराच ठरवतो, आणि ठरवताना शेडमधलं तापमान आणि पाणी या दोन्ही गोष्टी कुठेच लिहिलेल्या नसतात.

दुसरं म्हणणं: "मग बंदिस्त शेड बांधा, पंखे-पॅड लावा." सल्ला चांगला आहे. पण ते कर्ज कोणाच्या नावावर? शिवाय पॅड म्हणजे पुन्हा पाणीच. पाणी वाफ होऊन हवा गार करतं, हा तोच कोंबडीचा फंडा, फक्त मोठ्या मापात. आणि वळीव पडून हवा दमट झाली की पॅडही ढेपाळतं आणि धापाही. दमट हवेत वाफ होत नाही ना!

तिसरं म्हणणं आमच्या शहरी नातेवाइकांचं, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असलेलं: "एक किलो चिकनला चार हजार लिटर पाणी लागतं, हे पोल्ट्रीवाले पाणी संपवतात." आकडा खरा आहे, अर्थ चुकीचा लावला जातो. मेकोनेन आणि हुक्स्ट्रा या अभ्यासकांनी जगाची सरासरी काढली होती, ती किलोला ४,३०० लिटरच्या आसपास येते. पण त्यांनीच हेही सांगितलंय की जनावरांच्या या सगळ्या पाण्यातला ९८ टक्के वाटा चाऱ्या-खाद्याच्या पिकाचा आहे. म्हणजे मका आणि सोयाबीनच्या शेतात पडलेला पाऊससुद्धा त्यात धरलाय. कोंबडी स्वतः पिते ते किलोमागे तीन-चार लिटर, उन्हाळ्यात पाच-सहा. सभोवार ऊस उभा असलेल्या कराड तालुक्यात कोंबडीला पाणीखाऊ म्हणणं म्हणजे... जाऊ दे, आमच्याच घरी ऊस आहे, जास्त बोलत नाही.

चौथं म्हणणं सगळ्यात हुशार: "पक्षी सुधारलाय, पूर्वीपेक्षा किती लवकर वाढतो बघा, शेतकऱ्याचाच फायदा." सुधारलाय खराच. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात १९५७, १९७८ आणि २००५ सालचे ब्रॉयलरचे वाण एकाच खाद्यावर शेजारी शेजारी वाढवून पाहिले. ५६ दिवसांत १९५७ चा पक्षी ९०५ ग्रॅम, १९७८ चा १,८०८ ग्रॅम आणि २००५ चा ४,२०२ ग्रॅम भरला. (२०१४ साली हे प्रसिद्ध झालं.) अचाट आहे! पण इतक्या वेगाने वाढणारं शरीर उष्णताही तितकीच तयार करतं. आपण कोंबडीचं इंजिन चौपट केलं आणि रेडिएटर तोच ठेवला. त्या रेडिएटरमध्ये पाणी ओतायचं काम शेतकऱ्याकडे, ओतलेल्या पाण्याची नोंद मात्र कुठेच नाही.

हे फक्त उन्हाळ्याचं गाऱ्हाणं आहे असंही नाही. पाणी न मोजल्याचा फटका बाराही महिने बसतो. औषध पाण्यातून द्यायचं असतं, मात्रा लिटरवर लिहिलेली असते. थंडीत पक्षी पाणी कमी पितो, म्हणजे औषध कमी पोटात जातं. उन्हाळ्यात तीच मात्रा दीड-पावणेदोन पट जाते. लासोटासारखी लस पाण्यातून देताना ठरावीक वेळात संपेल एवढंच पाणी ठेवावं लागतं. किती ठेवायचं हे अंदाजाने ठरवलं की काही पक्ष्यांना मिळते, काहींना नाही. पावसाळ्यात तूस ओलं होतं, अमोनिया डोळ्यांना झोंबतो. तेव्हा पक्षी जास्त पाणी पितोय की निपल गळतोय, हे मीटरशिवाय कसं कळणार? (मराठीत लिटर म्हणजे पाण्याचं मापही आणि शेडातलं तूसही. दोन्ही लिटर एकमेकांशी इतके बांधलेले आहेत की भाषेलाही फरक करावासा वाटला नसेल!) आणि सगळ्यात महत्त्वाचं, पक्षी आजारी पडायच्या आधी पाणी पिणं बदलतो. पुष्कळदा मरतूक दिसायच्या आधी पाण्याचा आकडा खाली येतो. तो दिवस पकडला तर अर्धी बॅच वाचते. पकडायला आकडा तर हवा ना!

मग मागणं काय आहे माझं? फार मोठं नाही.

एक, प्रत्येक शेडच्या टाकीखाली पाण्याचा मीटर. घराच्या नळाला लावतात तसला साधा. पाच हजार पक्ष्यांच्या एका बॅचच्या खर्चापुढे त्याची किंमत काहीच नाही. करार करणाऱ्याने तो बसवून द्यावा, कारण वाचणारं खाद्य त्याचंच आहे.

दोन, रोजच्या तक्त्यात दोन रकाने: लिटर आणि तापमान. सकाळी सातला एकदा लिहायचे. पोती लिहिणाऱ्याला तेवढं जड नाही.

तीन, एफसीआरची पट्टी ऋतूप्रमाणे, आणि ती बॅच टाकण्याआधी करारात लिहिलेली. मेची मेशी, ऑगस्टची ऑगस्टशी. सुपरवायझरच्या तोंडी नको.

चार, टँकरचं पाणी आणावं लागलं तर त्याचा वाटा दोघांनी उचलायचा. पक्षी कंपनीचा असेल तर तहानही थोडीफार कंपनीची आहे.

कायद्याचं म्हणाल तर केंद्राने २०१८ साली शेतमाल आणि पशुधन यांच्या कंत्राटी शेतीसाठी नमुना कायदा काढला होता, राज्यांनी घ्यावा म्हणून. २०२० च्या कृषी कायद्यांपैकी एकात कोंबडीपालनाचे करारही येत होते. ते कायदे २०२१ साली मागे घेतले गेले. त्यावर कोणी काय बोलायचं ते बोलून झालंय. अमेरिकेतही कोंबडी करारावरच वाढते. तिथल्या कृषी खात्याने २०२३ साली नियम केला की कंपनीने करार करताना शेतकऱ्याला कमाईची खरी माहिती आधी द्यायची. तिथली पद्धतही काही आदर्श नाही. तिथे शेतकऱ्यांची आपसात शर्यत लावतात. पण त्या शर्यतीत निदान साधारण एकाच आठवड्यात पक्षी दिलेल्यांची तुलना होते, जानेवारीची मेशी नाही. एवढं तरी आपण उचलायला काय हरकत आहे?

शेतकरी मित्रांनाही एक सांगायचंय. कंपनी मीटर देईल तेव्हा देईल, तोवर स्वतः लावा. टाकीवर आतून रंगाने रेघा मारल्या तरी चालेल. वहीत रोजचे लिटर आणि दुपारचं तापमान लिहिलेलं असेल तर "मॅनेजमेंट कमी पडलं" म्हणणाऱ्यापुढे वही ठेवता येते. वही नसेल तर तुमचा घाम आणि त्याचा कागद यात कागदच जिंकतो. नेहमीच जिंकत आलाय. आपल्याच जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा दहा-वीस वह्या घेऊन तिथे गेलात तर तिथल्या मंडळींनाही काम मिळेल आणि तुम्हाला सातारा-सांगलीच्या हवेतली पट्टी. इथल्या मेची पट्टी परदेशातल्या गार शेडमध्ये बसून ठरवलेली कशाला?

असो. खूप झालं. मलकापूरने एकदा दाखवून दिलंय की पाणी मोजलं तर भांडणं कमी होतात आणि चोवीस तास पाणी मिळतं. माणसांना जमलं ते कोंबडीला जमवायला एक मीटर आणि एक रकाना लागतो. ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर भांडावं, मी इथेच आहे. फक्त येताना मेच्या बॅचचा पाण्याचा आकडा घेऊन या. कोणाकडे आहे ते मलाही बघायचंय.